'आधीचं कॉलेज' नावाचा रकाना

मैफिलीची पत्रिका हातात आली की गायकाच्या नावाखाली गुरूचं नाव शोधणारे रसिक असतात. मी त्यांच्यातला. ही सवय माझ्याबरोबर बास्केटबॉलच्या मैदानावरही आली. अमेरिकेतल्या एखाद्या कॉलेज संघाची यादी समोर आली की माझी नजर उंचीवर किंवा गुणांच्या सरासरीवर आधी जात नाही. नाव, क्रमांक, उंची, वजन, इयत्ता, गाव हे सगळं ओलांडून ती शेवटच्या रकान्यात जाऊन थांबते. तिथं लिहिलेलं असतं, आधीचं कॉलेज.

२०२५ चं राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवणाऱ्या फ्लोरिडा विद्यापीठाच्या यादीत या रकान्यातल्या तीन ओळी मी कितीदा वाचल्या असतील. वॉल्टर क्लेटन ज्युनियर, आयोना. अलायजा मार्टिन, फ्लोरिडा अटलांटिक. विल रिचर्ड, बेलमाँट. तिघंही गार्ड, तिघंही शेवटच्या वर्षाचे, आणि तिघंही दुसऱ्या अंगणात वाढून आलेले. त्या हंगामात तिघांच्या गुणांची सरासरी एकत्र केली तर ४६ भरते, म्हणजे संघाच्या निम्म्याहून अधिक गुण. ३६ विजय, ४ पराभव. हा हिशेब झाला. मला त्या तीन ओळींमागची बांधणी पाहायची आहे, आणि त्यातही क्लेटनची, कारण एक गार्ड घर बदलतो तेव्हा दोन्ही घरांचं काय होतं हे त्याच्या प्रवासात फार स्वच्छ दिसतं.

नियमांचं थोडक्यात सांगतो. पूर्वी कॉलेज बदलणाऱ्या खेळाडूला एक वर्ष बाहेर बसावं लागे. २०१८ मध्ये ट्रान्सफर पोर्टल सुरू झालं. २०२१ मध्ये एकदा बदल करून लगेच खेळायची मुभा मिळाली, त्याच वर्षी १ जुलैपासून खेळाडूंना आपल्या नावावर पैसे कमावता येऊ लागले आणि २०२४ मध्ये 'एकदाच' ही अटही गेली. खेळाचा बाजार झाला अशी हळहळ बरेच जण करतात. ती खोटी नाही. पण बाजारातून आणलेल्या सुतानंही पैठणी विणली जाते, आणि विणलेली पैठणी समोर असताना मी तिचा पदर पाहणार.

गार्ड म्हणजे काय, हे न पाहता पुढे जाता येणार नाही. पाच जणांत बहुधा सगळ्यात बुटका, चेंडू पुढे आणणारा, चढाई कुठून सुरू व्हायची ते ठरवणारा. पुरुषांच्या कॉलेज खेळात एका चढाईला ३० सेकंद मिळतात. त्यातले किती वापरायचे, पास अर्धा ठेका आधी द्यायचा की थोपवून द्यायचा, हे त्याच्या मनगटात असतं. उंच सेंटर बदलला तर संघाचं बळ बदलतं. गार्ड बदलला की लय बदलते. कोपऱ्यात थांबलेल्या नेमबाजाला चेंडू कोणत्या उंचीवर, कोणत्या क्षणी मिळणार याची त्याच्या गुडघ्यांना सवय झालेली असते. स्क्रीन लावून, म्हणजे अंगानं बचावपटूची वाट अडवून, बास्केटकडे वळणारा उंच खेळाडू गार्डच्या खांद्याची हालचाल पाहून पाऊल टाकत असतो. नवा गार्ड आला की या सगळ्यांना आपापली पावलं पुन्हा मोजावी लागतात. म्हणून यादीत एक नाव बदललेलं दिसलं, तरी मैदानावर पाच माणसं बदललेली असतात.

क्लेटन मध्य फ्लोरिडातल्या लेक वेल्सचा. सव्वासहा फूट उंच, भरलेल्या खांद्यांचा. शाळेत तो अमेरिकन फुटबॉलही खेळायचा आणि त्यात त्याची जागा 'सेफ्टी'ची होती. म्हणजे बचावातला सगळ्यात मागचा माणूस, जो लांबून धावत येऊन उडी घेणाऱ्या प्रतिस्पर्ध्याला नेमक्या क्षणी गाठतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, तिच्याकडे आपल्याला परत यायचं आहे. फुटबॉल सोडून तो न्यूयॉर्कजवळच्या आयोना या लहानशा कॉलेजात गेला, कारण तिथं रिक पिटिनो शिकवत होते.

पिटिनो हे गार्ड घडवणारं घराणं आहे. १९८६-८७ मध्ये कॉलेज बास्केटबॉलमध्ये तीन गुणांची रेघ आली, तेव्हा तिचं मोल सगळ्यांत आधी ओळखणाऱ्यांत ते होते. त्यांच्या प्रॉव्हिडन्स संघानं त्या रेघेच्या जोरावर अंतिम चार संघांत धडक मारली, आणि त्या संघाचा गार्ड होता बिली डोनोव्हन. हाच डोनोव्हन पुढे प्रशिक्षक झाला आणि २००६ आणि २००७ अशी लागोपाठ दोन अजिंक्यपदं त्यानं मिळवून दिली, ती याच फ्लोरिडा विद्यापीठाला. आज तिथल्या कोर्टला त्याचंच नाव आहे. २०२३ च्या मार्चमध्ये पिटिनो आयोना सोडून सेंट जॉन्सला गेले, क्लेटन पोर्टलमध्ये उतरला, आणि गुरूंच्या मागं न जाता आपल्या राज्यात परतला. वरवर पाहिलं तर त्यानं गुरू सोडला. पण तो ज्या लाकडी फरशीवर जाऊन उभा राहिला, तिच्यावर त्याच्या गुरुबंधूचं नाव रंगवलेलं होतं. एका रकान्यातल्या 'आयोना' या शब्दात इतकं मावतं, म्हणून मी तिथं रेंगाळतो.

डोनोव्हनचा तो संघ आणि हा संघ शेजारी ठेवून पाहण्यात एक वेगळा आनंद आहे. टॉरियन ग्रीन, कोरी ब्रूअर, अल हॉरफर्ड, जोकिम नोआ हे चौघं २००४ मध्ये एकाच वेळी दाखल झाले आणि एकत्र मोठे झाले. भावंडांसारखे. एकमेकांच्या चुका त्यांना पाठ होत्या. ते संघ वाढवणं होतं. टॉड गोल्डननं २०२२ मध्ये सूत्रं हाती घेतल्यावर जे केलं, ते रचणं होतं. रचण्याला आपण वाढवण्यापेक्षा कमी प्रतीचं मानतो. मला तसं वाटत नाही. तयार झालेल्या, आपापल्या घरी प्रमुख असलेल्या माणसांना एकत्र आणून त्यांच्यात मोकळी जागा शिल्लक ठेवणं, याला फार तरल कान लागतो.

क्लेटनच्या पहिल्या वर्षी, २०२३-२४ मध्ये, गोल्डननं त्याच्या हाती चेंडू पूर्णपणे दिला नाही. त्याच वर्षी रिव्हरसाइडहून आलेला झायन पुलिन हा पॉइंट गार्ड होता. आयोनामध्ये आपल्या लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरलेला क्लेटन इथं चेंडूशिवाय धावायला शिकला. स्क्रीनच्या कडेला खांदा घासून बाहेर यायचं, झेल घेण्याआधीच पाय बास्केटकडे वळवून ठेवायचे, आणि चेंडू हातात फार काळ न ठेवता उडवायचा. १७.६ गुणांची सरासरी. त्या हंगामाचा शेवट मात्र दुखरा झाला. राष्ट्रीय स्पर्धेच्या पहिल्याच सामन्यात कोलोरॅडोकडून १०२-१०० अशी हार, जवळपास शेवटच्या क्षणी के. जे. सिम्प्सननं मारलेल्या बास्केटवर. क्लेटनचे त्या दिवशी ३३ गुण होते.

पुलिनची वर्षं संपली, आणि इथं संघरचनेतली मला सगळ्यांत आवडणारी चाल दिसते. गेलेल्या माणसासारखाच माणूस आणून भोक बुजवायचा मोह कोणालाही होतो. फ्लोरिडात आला तो अलायजा मार्टिन, आणि पुलिनची ठेवण त्याच्यात अजिबात नव्हती. तो झेपावणारा, उंच उडणारा, उंचीपेक्षा मोठं खेळणारा, बचावात अंगावर जाणारा. चेंडू सांभाळण्याचं काम क्लेटनकडे सरकलं आणि क्लेटनची चेंडूशिवाय धावण्याची जागा मार्टिन आणि रिचर्ड यांनी वाटून घेतली. म्हणजे जागा एक रिकामी झाली आणि बदल तीन जागी झाला. आता आकडा पाहा. या वर्षी क्लेटनची सरासरी १८.३, गेल्या वर्षीपेक्षा जेमतेम पाऊण गुण जास्त. आकडेवारी पाहणाऱ्याला वाटेल की काहीच घडलं नाही. प्रत्यक्षात तेच गुण आता निराळ्या वाटेनं येत होते. आधी पासच्या शेवटी तो असे, आता पासच्या सुरुवातीलाही तोच होता. आणि गंमत अशी, की चेंडूशिवाय घालवलेलं ते आधीचं वर्ष वाया गेलं नव्हतं. पॉइंट गार्ड झाल्यावरही चेंडू देऊन टाकून नेमबाजासारखं रेघेबाहेर निसटायची सवय त्याच्या अंगात राहिली. हे दोन स्वभाव एका अंगात असणं दुर्मीळ. बहुतेक गार्ड पास दिला की थांबतात आणि पाहतात. क्लेटन पास दिला की धावू लागतो.

हा धागा टेक्सस टेकविरुद्धच्या सामन्यात हाताला लागतो. २९ मार्च २०२५, सॅन फ्रान्सिस्को, अंतिम चारात जाण्यासाठीचा सामना. तीन मिनिटं उरली असताना फ्लोरिडा ७५-६६ अशी मागं. थॉमस हाऊ या राखीव फळीतल्या उंच खेळाडूनं लागोपाठ दोन तीन-गुणी बास्केट टाकल्या. मग क्लेटनची बरोबरीची बास्केट, आणि एक मिनिट उरलं असताना आघाडीची. या दोन फेकी मी पुन्हा पुन्हा पाहिल्या आहेत. त्यातल्या एकीत तो बास्केटकडे घुसतो, दार बंद दिसताच चेंडू बाहेर देतो, आणि मग बास्केटकडे पाठ करून रेघेबाहेर पळत सुटतो. चेंडू परत त्याच्याकडे येतो तेव्हा त्याचं शरीर बास्केटपासून दूर चाललेलं आहे. कोणताही प्रशिक्षक मुलांना सांगेल की अशा वेळी थांब, पाय जुळव, मग मार. क्लेटन उडी मारतो आणि हवेतच वळतो. कंबर वळते, खांदे वळतात, आणि सगळ्यांत शेवटी, शांतपणे, मनगट. फेकीच्या क्षणी वरचं अंग बास्केटच्या अगदी समोर असतं, जणू तो मघापासून तिथंच उभा होता. वेगवान तान समेवर आल्यावर गायकाच्या चेहऱ्यावर धाप दिसू नये, तसं ते मनगट. त्या दिवशी ३० गुण, ८४-७९ असा विजय. आणि हाऊच्या त्या दोन बास्केट विसरू नका. समोरच्या संघाचा सगळा डोळा क्लेटनवर खिळलेला असतो, म्हणूनच हाऊ मोकळा सापडतो. एकटा खेळाडू प्रतिस्पर्ध्याचं मैदान किती वाकवतो, ते दुसऱ्याच्या हातून झालेल्या बास्केटमध्ये वाचायचं असतं.

पुढच्या आठवड्यात ऑबर्नविरुद्ध ३४ गुण. मध्यंतराला ४६-३८ असा मागं असलेला संघ ७९-७३ जिंकला. या दोन टप्प्यांवर लागोपाठ तीस किंवा अधिक गुण याआधी १९७९ मध्ये लॅरी बर्डनं केले होते. त्या रात्रीबद्दल सगळ्यांनी लिहिलं आहे, मी तिथं फार थांबत नाही. मला त्यापेक्षा आधीची, दुसऱ्या फेरीतली कनेक्टिकटविरुद्धची लढत जास्त भावते, आणि तिचं कारण पुन्हा त्या रकान्यात आहे.

कनेक्टिकट म्हणजे लागोपाठ दोन वर्षांचे अजिंक्य. राष्ट्रीय स्पर्धेत सलग १३ सामने ते हरले नव्हते. फ्लोरिडानं त्यांना ७७-७५ असं थांबवलं, क्लेटननं २३ गुण केले, आणि त्यातले सगळ्यांत वजनदार अगदी शेवटच्या मिनिटांत आले. आता ती १३ ची साखळी मागं मागं उलगडत न्या. तिची पहिली कडी १७ मार्च २०२३ ला, ऑल्बनीत जुळली होती. समोरचा संघ होता आयोना. मध्यंतराला आयोना ३९-३७ अशी पुढं होती, मग कनेक्टिकटनं उत्तरार्धात त्यांना मागं टाकून सामना ८७-६३ असा जिंकला. आयोनाच्या त्या संघात क्लेटन होता. तो त्याचा त्या रंगातला शेवटचा सामना. ज्या साखळीची पहिली कडी जुळताना तो पराभूत होऊन उभा होता, ती दोन वर्षांनी, दुसऱ्या रंगाचा शर्ट घालून, त्याच्याच हातून तुटली. घर बदललं तरी हिशेब बरोबर येतो. एखाद्या कादंबरीकारानं हे रचलं असतं तर आपण त्याला जरा अति झालं असं म्हटलं असतं.

पण गार्डच्या जाण्याचं रसग्रहण म्हणजे त्याच्या येण्याचं कौतुक एवढंच केलं, तर ते अर्धवट राहील. रिकामी झालेली खुर्चीही पाहायला हवी. २०२२-२३ मध्ये आयोनानं २७ सामने जिंकले, ८ हरले. पिटिनो गेले, क्लेटन गेला, आणि पुढच्या वर्षी राष्ट्रीय स्पर्धेत आयोनाचं नाव नव्हतं. फ्लोरिडा अटलांटिकचीही तीच कथा. २०२३ मध्ये अंतिम चारात पोचून साऱ्या देशाला चकित करणारा तो संघ. वर्षभरानं प्रशिक्षक डस्टी मे मिशिगनला गेले, व्लादिस्लाव गोल्डिन त्यांच्यामागं गेला, जोनेल डेव्हिस आर्कान्सॉला, मार्टिन फ्लोरिडाला. एक अख्खं बिऱ्हाड विखुरलं. लहान कॉलेजनं पेरायचं आणि मोठ्यानं कापायचं, यात मला दुःख वाटतं. ते लपवून या कलेची तारीफ करणं अप्रामाणिक ठरेल.

मोठ्या घरातही जागा मोजक्याच. त्या हंगामापर्यंत एका संघाला १३ शिष्यवृत्त्या देता यायच्या आणि मैदानावरची मिनिटं तर सगळ्यांना मिळून ठरलेलीच. रायली कुगल नावाचा गार्ड पहिल्या वर्षी फ्लोरिडात चमकला होता. क्लेटन आणि पुलिन आल्यावर त्याच्या वाट्याचा प्रकाश कमी झाला आणि २०२४ मध्ये तो निघून गेला. डेन्झेल ॲबरडीन मात्र थांबला. २०२२ मध्ये शाळेतून थेट इथं आलेला हा गार्ड, म्हणून त्याच्या नावापुढचा तो रकाना कोरा. तीन वर्षं तो बाकावरून उठायचा, कुणाला दुखापत झाली की सुरुवातीलाही उतरायचा, आणि पुन्हा जागेवर जाऊन बसायचा. कोऱ्या रकान्याच्या माणसाकडेही लक्ष असू द्या.

आता अंतिम सामना. ७ एप्रिल २०२५, सॅन अँटोनिओचं अलामोडोम, समोर केल्विन सॅम्पसनचा ह्यूस्टन. आपल्याकडे तेव्हा ८ एप्रिलची सकाळ उजाडत होती. चहाचा पहिला कप हातात होता. ह्यूस्टनच्या यादीतही एलजे क्रायर बेलरहून आलेला आणि मिलोस उझान ओक्लाहोमाहून आलेला. म्हणजे दोन्ही बाजूंना परगावचे गार्ड.

मध्यंतराला ह्यूस्टन ३१-२८. क्लेटनच्या नावापुढे शून्य. आधीच्या दोन सामन्यांत ६४ गुण केलेल्या माणसाच्या नावापुढे शून्य. त्या शून्याकडे नीट पाहा, कारण या संघाची बांधणी सगळ्यांत सुंदर तिथं दिसते. ह्यूस्टनचा बचाव ठरलेला. गार्डला स्क्रीन मिळाली की दोन जण त्याच्यावर धावून जातात आणि त्याला कोर्टच्या कडेला ढकलतात. चेंडू त्याच्या हातून काढून घ्यायचा, उरलेल्या चौघांना जिंकून दाखवू दे. अशा वेळी मानी गार्ड दोघांमधून वाट काढायला जातो आणि चेंडू गमावतो. क्लेटननं चेंडू सोडला. दोघे अंगावर येताहेत म्हणजे मागं चार विरुद्ध तीन, हे गणित त्यानं स्वीकारलं आणि पास दिला. सामन्याच्या शेवटी त्याच्या नावावर ७ असिस्ट होते. आणि ज्या पूर्वार्धात तो कोरडा राहिला, त्यात विल रिचर्डनं १४ गुण केले. बेलमाँटहून आलेला, तिघांत सगळ्यात जुना, सगळ्यात कमी बोलबाला झालेला रिचर्ड. त्याच्या नेमबाजीला डौल आहे, गाजावाजा नाही. कोपऱ्यात पाय रोवलेले, हात छातीशी तयार, चेंडू आला की एकच ओघ. मुख्य गायकाचा आवाज लागत नाही असं दिसताच हार्मोनियमनं सूर भरून धरावा, तसं त्यानं त्या वीस मिनिटांत संघाला धरून ठेवलं. तीन गार्ड असण्याचा अर्थ त्या पूर्वार्धात कळतो.

उत्तरार्धात ह्यूस्टन ४२-३० अशी पुढं गेली. बारा गुणांची तफावत, आणि तीही ह्यूस्टनसारख्या संघापुढे, जो प्रत्येक चढाईला वाळूत पाय रुतल्यासारखं करून टाकतो. तिथून क्लेटनचे ११ गुण आले. त्यात ऑबर्नविरुद्धचा भडिमार नव्हता. अंगावर फाउल घेऊन फ्री थ्रोच्या रेघेवरून काढलेले, गर्दीत घुसून खांद्याच्या आडून चेंडू काचेवर टेकवून काढलेले, असे बहुतेक खरवडून आणलेले गुण होते ते. मी त्याचा चेहरा पाहत होतो. शून्य असताना जसा होता, तसाच आताही.

४६ सेकंद उरले. ह्यूस्टन ६३, फ्लोरिडा ६२. फ्री थ्रोच्या रेघेवर अलायजा मार्टिन. त्याच्या रकान्यात लिहिलेलं 'फ्लोरिडा अटलांटिक' आता मोठं व्हायला लागतं. १ एप्रिल २०२३ ला, टेक्ससमध्येच, ह्यूस्टन शहरात, अंतिम चारातल्या सामन्यात त्यानं २६ गुण केले होते आणि सॅन डिएगो स्टेटच्या लॅमाँट बटलरच्या शेवटच्या क्षणीच्या फेकीनं त्याचा संघ ७२-७१ असा, एका गुणानं, हरला होता. आता पुन्हा टेक्सस, पुन्हा एका गुणाचा फरक. पहिला आत. दुसराही आत. दोन्ही फेकींमध्ये त्याचा श्वास, चेंडू आपटण्याची त्याची लय, कशात बदल नाही. ६४-६३.

पुढच्या चढाईत ह्यूस्टनच्या हातून चेंडू गेला आणि फाउल झाल्यावर रेघेवर उभा राहिला तो ॲबरडीन. कोऱ्या रकान्याचा, तीन वर्षं वाट पाहिलेला. एक आत, एक बाहेर. ६५-६३. स्पर्धेतला फ्लोरिडाचा शेवटचा गुण त्याचा. आणि हंगाम संपल्यावर तोही केंटकीला गेला, त्याच्याही नावापुढे तो रकाना भरला, 'फ्लोरिडा' या शब्दानं. क्लेटन, मार्टिन, रिचर्ड व्यावसायिक खेळात निवडले गेले, आणि रिकाम्या झालेल्या जागांवर प्रिन्स्टनहून झेवियन ली आणि आर्कान्सॉहून बूगी फ्लँड आले. एकाच उन्हाळ्यात सगळी लय पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतली गेली. पण त्या क्षणी यातलं काही घडलेलं नव्हतं. घड्याळात अजून वीसेक सेकंद होते.

ह्यूस्टन शेवटची चढाई करते. चेंडू फिरत फिरत रेघेबाहेर इमॅन्युएल शार्पकडे येतो. त्याच्यासमोर क्षणभर मोकळी हवा आहे. तीन गुण झाले तर अजिंक्यपद त्यांचं. क्लेटन बराच दूर आहे, आणि तो धावत सुटतो. नेमबाजाच्या अंगावर जाणं ही बचावातली सगळ्यात नाजूक कला. हळू गेलात तर फेक सुटते. सरळ जाऊन आदळलात तर फाउल, आणि त्याला तीन मोफत संधी. वेग पूर्ण हवा, आणि तरी शेवटच्या पावलात अंग बाजूनं काढून घ्यायचं. उडी मारणाऱ्याच्या आधी नाही आणि नंतरही नाही, त्याच्याबरोबर वर जायचं. हे बास्केटबॉलच्या सरावात शिकवतात. पण शाळेत, फुटबॉलच्या मैदानावर, सगळ्यांच्या मागं उभं राहून लांबून धावत येणाऱ्या सेफ्टीला ते वेगळ्या तऱ्हेनं माहीत असतं. सेफ्टी चेंडूकडे धावत नाही. चेंडू जिथं असणार आहे तिकडे धावतो.

शार्प उडी घेतो. वर गेल्यावर त्याला दिसतं की समोरची हवा आता मोकळी नाही, तिथं एक हात आहे. फेकलं तर अडणार. चेंडू घेऊन खाली आलं तर ट्रॅव्हलिंग. तो चेंडू सोडून देतो. चेंडू खाली पडतो, टप्पा घेतो, आणि शार्प त्याला हात लावू शकत नाही, कारण स्वतःच सोडलेल्या चेंडूला त्यानं पहिला स्पर्श केला तर चेंडू फ्लोरिडाचा. तो तसाच उभा राहतो, चेंडू त्याच्या पायांशी उसळत असतो. क्लेटननं चेंडूला स्पर्शसुद्धा केलेला नाही. आकडेवारीच्या कागदावर या धावेसाठी रकाना नाही. ॲलेक्स कॉन्डन, ऑस्ट्रेलियाहून आलेला उंच पोरगा, सगळ्या अंगानिशी फरशीवर झेप घेतो, चेंडू त्याच्या हाताखाली येतो, आणि भोंगा वाजतो.